मोत्या पाण्यात उतरला

आज माझा भित्रा कुत्रा मोत्या भाटघर धरणाच्या पाण्यात आपणहून उतरला. मन भरून आलं.

वेळवंडी नदीवरच्या या धरणाचं पाणी उन्हाळ्यात इतकं ओसरतं, की एरवी बुडालेलं कांबरेश्वराचं मंदिर उघडं पडतं. काठही उथळ होतो. भित्र्या कुत्र्याला शिकवायला हेच दिवस चांगले. पावसाळ्यात वेल्ह्याकडे गुंजवणी, कानंदी गढूळ होऊन धावतात, तेव्हा त्याला काठाशीही नेऊ नये.

सगळी कुत्री जन्मतः पोहतात, हा गैरसमज आहे. चपट्या तोंडाची, आखूड पायांची कुत्री तर पाण्यात लवकर दमतात. आणि ढकललं, की भीती पक्की होते. म्हणून मी घोटाभर पाण्यात नुसता बसून राहायचो. मोत्या काठावरून बघायचा. हळूहळू पंजे भिजले, मग पोट. पोटाखाली हाताचा आधार मिळाला, तसे मागचे पायही चालू लागले.

भ्यालेल्या जिवाला मागे फिरायची मोकळीक हवी असते. ती मिळाली, की तो आपल्या पायांनी पुढे येतो. पाण्याला घाबरणाऱ्या आपल्या पोरांनाही एवढी सवड आपण द्यायलाच हवी.