नागोरोची शाळा

वर्गाच्या दारातच थबकले. बाकांवर पोरं बसलेली, फळ्याशी गुरुजी उभे, आणि कुणी म्हणून हलेना. सगळी बुजगावणी! कापडाची, आत कागदाचे बोळे भरलेली, माणसाएवढी.

जपानच्या शिकोकू बेटावर, इया खोऱ्यात नागोरो नावाचं गाव आहे. 2012 मध्ये शेवटची दोन मुलं शिकून बाहेर पडली आणि शाळेला कुलूप लागलं. मग गावातल्याच एका बाईंनी वर्ग असा भरून टाकला. बसथांब्यावर, शेताच्या बांधावरही त्यांचीच माणसं बसलेली. जिवंत माणसं त्याहून कितीतरी कमी. आमच्या रत्नागिरीच्या मांडवी जेटीवर संध्याकाळी पोरांच्या कालव्यात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. माझ्या कानांना ती शांतता सोसेना.

भाची सोबत होती. ओसाकात नोकरीला, वय 36. बाहेर पायरीवर बसल्यावर हळूच म्हणाली, "मावशी, इथे मला 'गोड बातमी कधी?' असं कुणी विचारत नाही." गेल्या गणपतीत ते मीच विचारलं होतं, चारचौघांत.

मग ती बोलत राहिली. तिच्या ऑफिसातल्या बायकांना मुलं नको आहेत असं नाही. पण सुटायला रात्रीचे नऊ. बाळंतपणाची रजा घेतली की बढती हुकते. घरी स्वयंपाक पुन्हा बाईच्याच गळ्यात. यंदा नको, पुढल्या वर्षी, असं म्हणता म्हणता चाळिशी येते. 1970 साली जन्मलेल्या जपानी बायकांपैकी शंभरात सुमारे 27 जणींना मूल नाही. 2022 पासून वंध्यत्वाच्या उपचारांना सरकारी विमा मिळतो, पण टेस्ट-ट्यूब बाळाचे उपचार सुरू करताना बाईचं वय 43 च्या आत हवं.

मला र. धों. कर्वे आठवले, आमच्याच जिल्ह्यातल्या मुरुडचे. 1921 मध्ये मुंबईत त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं, ते मूल कधी हवं आणि हवं की नको, हे बाईला ठरवता यावं म्हणून. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी मालतीबाईंनी विचार करूनच मूल होऊ दिलं नाही. माझ्या भाचीचं मात्र ठरवणं कचेरीच्या घड्याळाने हिसकावून घेतलंय.

आणि पोरं, माणसं अशी कमी होणं हे परदेशातलंच, असं म्हणायची सोय नाही. महाराष्ट्रात दर बाईमागे मुलांचं प्रमाण 2019-21 च्या पाहणीत 1.7 वर आलंय. रत्नागिरी जिल्ह्यात तर 2001 ते 2011 या दहा वर्षांत 81 हजारांवर माणसं घटली, मुख्यतः मुंबईच्या वाटेने.

परतल्यावर जेटीवर शेजारीण भेटली. "काय गो, भाचीकडे काही विशेष?"

"रात्री नऊला सुटते बिचारी," मी म्हटलं, "घरी पोचायला दहा."