कूलंटची गळती

रविवार, रात्र.

गाडीचे २ लाख किलोमीटर कधीच उलटले. आज बॉनेट उघडलं, तर वॉटर पंपाखाली कूलंट वाळून बसलेली हिरवट-पांढरी रेघ दिसली. इंजिन थंड असताना तिथे थेंबही नसतो; तापून दाब वाढला की पाझर सुरू. हा दाब लागतोच. रेडिएटरचं झाकण तो धरून ठेवतं, म्हणून कूलंट १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. गरम इंजिनावर ते झाकण उघडायचं नाही, ते याचसाठी.

नाना पेठेतून पंप, गॅस्केट आणि होज पाइप आणले. जुना पाइप दाबून पाहिला: मध्ये कडक, क्लिपपाशी फुगलेला. मेकॅनिक म्हणाले, "बोअरचं पाणी घालू नका साहेब, आत क्षार धरतो." निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर भरलं, हवा काढली. सांडलेलं लगेच पुसलं. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल गोड आणि विषारी, गल्लीतली कुत्री चाटतात.

जुनी गाडी अशा वेळच्या वेळी केलेल्या कामांवरच टिकते. साधा पाइप बदलायचा राहिला, की खंबाटकीच्या चढावर इंजिन तापून हेड गॅस्केट जातं. जिच्या भरवशावर घरची माणसं घाट चढतात, तिची काळजी घेणं हे मला कर्तव्यच वाटतं.