आजी, ब्लूबेरी आणि माझं शहाणपण

गेल्या नाताळात आत्या कॅनडाहून आली ती सुकवलेल्या ब्लूबेरीचं मोठं पाकीट घेऊनच. ती राहते त्या ब्रिटिश कोलंबियात ही फळं भरपूर पिकतात. आमच्या बेळगावात ताजी मिळाली तरी मूठभर डबीचा भाव ऐकून बाबा पुढे चालू लागतात.

आजीला पंधरा वर्षांपासून मधुमेह. मी मोबाईलवर वाचलेलं सगळं तिला ऐकवलं. यातला निळा-जांभळा रंग अँथोसायनिनचा, त्यात चोथा असतो, क आणि के जीवनसत्त्व असतं. "शुगरलापण चांगलं हं, आजी." हे शेवटचं वाक्य नको होतं.

आजी रोज रात्री मूठभर खाऊ लागली. आणि रात्रीची गोळी गुपचूप बंद! महिन्याभराने रक्त तपासलं तर उपाशीपोटी साखर 210. डॉक्टर तिला रागावले, पण माझीच मान खाली गेली. घरी येऊन पाकीट उलटं करून बघितलं, तर घटकांच्या यादीत ब्लूबेरीनंतर लगेच साखर. ताज्या फळात शंभर ग्रॅमला साधारण दहा ग्रॅम साखर असते, बाकी बहुतेक पाणीच. सुकवल्यावर पाणी जातं, साखर राहते, आणि वर ही घातलेली वेगळी. इंग्रजी वाचता येणारी घरात मी, आणि मीच वाचलं नव्हतं.

"तू शिकलेली, म्हणून ऐकलं की," आजी एवढंच म्हणाली. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

उरलेल्या ब्लूबेरी मी कोमट पाण्यात भिजवून केकमध्ये घातल्या. सोडा जास्त पडला आणि फळांभोवती केक चक्क हिरवा झाला. हा रंग आंबटात लालसर होतो, सोड्यात हिरवट. पुढच्या वेळी सोडा कमी केला, थोडं दही घातलं, तेव्हा जमला. आजीला मात्र त्यातला तुकडाच दिला, तोही जेवण आणि गोळी झाल्यावर.

परवा खानापूरकडच्या बाईकडून जांभळं घेतली. त्यांच्यातही तोच रंग. मी तोंड उघडणार इतक्यात आजीने हात पुढे केला, "यात काय असतं ते नंतर सांग. आधी गोळी दे."