तुळजाजीचा अपराध

कुंभकोणमास बदली झाल्याचे कळले तेव्हा स्नेहीमंडळींनी आमचे सांत्वन केले. आम्हांस मात्र मनातून बरेच वाटले होते. येथून तंजावर सुमारे ४० किलोमीटर. आणि मयिलाडुतुरैच्या वाटेवर, अगदी जवळ, तिरुविडैमरुदूर. १७९८ साली गादीवरून दूर केलेल्या अमरसिंह भोसल्याने अखेरचे दिवस तेथे काढले. सुटीच्या दिवशी या बाजूस भटकणे ही आमची चैन.

तंजावर म्हटले की आपली मंडळी सरस्वती महालातील पोथ्या आणि दुसऱ्या सरफोजीची विद्वत्ता आठवतात. आमचे मन घुटमळते ते त्याच्या आधीच्या तुळजाजीपाशी. हा राजा मोठा गुणवान होता असे नव्हे. १७७१ साली त्याने स्वतःच रामनादच्या लहानशा संस्थानावर चाल केली होती. थोरल्या शेजाऱ्याचा जाच सोसणाऱ्याने धाकट्यास जाचावे, हे जगात नवे नाही. परंतु १७७३ साली त्याच्यावर जो आरोप ठेवण्यात आला, तो मात्र विचार करावयास लावणारा आहे.

अर्काटचा नबाब महंमद अली तंजावरकडून खंडणी घेई. १७६२ साली मद्रासकर इंग्रजांनी मध्ये पडून तह घडविला : मागील बाकीपोटी २२ लक्ष रुपये आणि पुढे सालिना ४ लक्ष. हमी इंग्रजांची. नऊच वर्षांनी तोच हमीदार नबाबासाठी तोफा घेऊन तंजावरच्या तटाखाली उभा राहिला! पुढे १७७३ च्या जूनमध्ये नबाबाने तक्रार केली की, राजाकडे दहा लक्षांवर बाकी आहे, आणि त्याने हैदरअलीकडे व मराठ्यांकडे फौजेची मागणी केली आहे. बाकीचा तंटा हिशेबाने मिटता. खरा अपराध दुसराच होता.

कचेरीतील टिपणे वाचण्यात आमचे आयुष्य चालले आहे. पण मद्रास कौन्सिलाने त्या वेळी केलेल्या युक्तिवादाला तोड आढळली नाही. त्याचा आशय असा : आपण नबाबाशी बांधलेले असल्यामुळे राजाचे रक्षण करू शकत नाही, तेव्हा तो दुसऱ्या बलवंताचा आश्रय पाहणारच, असे राज्य मुलखाच्या मध्यभागी असणे धोक्याचे, सबब ते बुडवावे. म्हणजे जाच आपणच करावयाचा, आणि त्याने घाबरून दुसरीकडे पाहिले की तेच त्याच्या शत्रुत्वाचे प्रमाण मानावयाचे!

मदतीस कोणी आले नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि १७ सप्टेंबरला तंजावर पडले.

आमचे एक तमिळ सहकारी इतिहासाचे मोठे रसिक आहेत. ते म्हणतात, "सार, दुर्बळाने गप्प बसावे. ती पत्रे लिहिली नसती तर राज्य राहिले असते." त्यांच्या व्यवहारज्ञानाविषयी आम्हांस आदर आहे. तरीही प्रश्न उरतो की, १७६२ च्या हमीवर विसंबल्याने १७७१ चा वेढा कोठे टळला? स्नेही निवडताना लहान राज्य चुकेल, फसेलही. परंतु निवड त्याची आहे. १९७५ साली हेलसिंकी येथे ३५ राष्ट्रांनी, त्यांत सोव्हिएत रशियाही होता, हेच मान्य केले : मैत्रीच्या तहात सामील व्हावे की न व्हावे, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. फिनलंडने तो हक्क बजावला तो २०२३ मध्ये, शेजारच्या युक्रेनवर रशियाने स्वारी केलेली पाहून. युक्रेनवरील आरोपांची यादी वाचताना आम्हांस मद्रास कौन्सिल आठवल्यावाचून राहिले नाही.

विलायतेतील डायरेक्टरांना तंजावर घेणे पसंत पडले नाही. त्यांच्या हुकमावरून लॉर्ड पिगट याने ११ एप्रिल १७७६ रोजी तुळजाजीस पुन्हा गादीवर बसविले. १७६२ च्या तहाच्या वेळी मद्रासचा गव्हर्नर हाच होता. त्याच वर्षी त्याच्याच कौन्सिलाने त्याला कैद केले आणि १७७७ मध्ये कैदेतच तो वारला. पण ती कथा वेगळी. डायरेक्टरांच्या अटी मात्र वाचण्याजोग्या आहेत. किल्ल्यात कंपनीची शिबंदी ठेवावी. नबाबास पूर्वीप्रमाणे खंडणी द्यावी. आणि कंपनीच्या संमतीवाचून कोणत्याही परक्या सत्तेशी तह करू नये. शिबंदीच्या खर्चापोटी तुळजाजीने सालिना ४ लक्ष होन देऊ केले.