तारेचा दोष, लिखावटीचा दोष

ई-सिगारेटवर आपल्या देशात २०१९ पासून बंदी आहे. पण बंदी असलेली वस्तूही बिघडते, आणि बिघडली की कुणाच्या तरी टेबलावर येते. धुळ्यात ती माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या टेबलावर आली.

हा मुलगा आमच्याकडे उर्दू माध्यमातून दहावी झाला. गणितात बरा, इंग्रजीत काठावर पास. पुढे शिकवण्याची घरची परिस्थिती नव्हती, म्हणून जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये एका मोबाइलवाल्याकडे शागिर्द म्हणून बसला आणि सहा वर्षांनी धुळ्यात मामूंच्या गाळ्यात स्वतःचं दुकान टाकलं. मोबाइल, इंडक्शन शेगडी, रिमोटचे पंखे, मच्छर मारायची रॅकेट, जे येईल ते. मी उर्दू-मराठीचा शिक्षक, विज्ञान माझा विषय नाही. तरी पारोळ्यामार्गे धुळ्याला जाणं झालं की त्याच्याकडे तासभर बसतो. त्याचे हात काम करत असतात आणि तोंड समजावत असतं. आमच्या पेशात अशी माणसं कमी झाली आहेत.

पुण्या-मुंबईत शिकणारी पोरं सुटीत घरी येताना ही यंत्रं घेऊन येतात. त्यातलं एक त्याने उघडून दाखवलं. "सर, इसमें मोबाइल से भी कम सामान है." खरंच कमी होतं. एक लिथियम सेल, पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट. बारीक तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल. ती तापते आणि कापसात मुरलेल्या द्रवाची वाफ होते. या दोघांच्या मध्ये अंगठ्याएवढा बोर्ड. बोर्डावर मॉसफेट असतो, तो कॉइलकडे जाणाऱ्या विजेचा दरवाजा. शेजारी एक चिप, ती त्या दरवाज्यावरची पहारेकरी. पहारेकऱ्याला काय हुकूम आहेत हे चिपमध्ये लिहिलेलं असतं, त्याला फर्मवेअर म्हणतात. माझा विद्यार्थी त्याला 'लिखावट' म्हणतो. कुठलीही बंद वस्तू हातात आली की त्याचा पहिला प्रश्न असतो, नुक्स तारेत आहे की लिखावटीत?

याचं उत्तर दिसतं तितकं सोपं नसतं, कारण यंत्र स्वतःच दिशाभूल करतं. पडद्यावर इंग्रजीत येतं, 'चेक ॲटमायझर'. नवखा माणूस कॉइल बदलतो. नवी कॉइल लावली तरी तोच मेसेज. मग तो सॉफ्टवेअर मारायला घेतो. प्रत्यक्षात चिपला कॉइल दिसतच नसते, तिला फक्त रोध मोजता येतो. द्रव गळून मधल्या पिनेवर चिकटला असेल, पिनेखाली ड्राय सोल्डर झालं असेल, तरी चिप तेच तीन-चार ठरलेले शब्द दाखवणार. तो आधी आयपीए लावून ब्रशने पिन साफ करतो, टाका पुन्हा गरम करतो. पुष्कळदा काम तिथेच संपतं.

मोजतानाही एक फसगत आहे. या कॉइलचा रोध ०.२ ओहम इतका कमी असू शकतो, आणि साध्या मल्टीमीटरच्या वायरींचा स्वतःचा रोध जवळपास तेवढाच असतो. म्हणून तो आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवतो, येईल तो आकडा लक्षात ठेवतो आणि नंतरच्या मोजणीतून वजा करतो. "पहले अपना नुक्स नापो, सर, फिर दूसरे का." ४ व्होल्टवर ०.२ ओहम म्हणजे २० अँपिअर. वजाबाकी विसरून ०.४ धरलं तर हिशेब १० अँपिअरचा होतो आणि प्रत्यक्षात तारेतून दुप्पट वीज वाहते. हा नववीतल्या धाराविद्युतच्या पाठातला ओहमचा नियम. आमची मुलं रोधाला 'मुज़ाहमत' म्हणत तो पाठ करतात, मराठी माध्यमातली 'रोध' म्हणत. दोन्हीकडे तो परीक्षेनंतर विसरला जातो.

मॉसफेट शॉर्ट झाला तर मात्र तो गंभीर होतो. दरवाजा उघडाच राहतो, बटण दाबलं नाही तरी कॉइल तापत राहते. अशा वेळी तो पहिल्यांदा सेल बाहेर काढतो, बाकी सगळं नंतर.

लिखावटीचे दोष वेगळे. कुणीतरी घरी कॉम्प्युटरला लावून फर्मवेअर बदलायला गेलं आणि अर्ध्यात लाइट गेली, हे आपल्याकडे किती वेळा होत असेल ते सांगायला नको. पडदा काळा, बटण दाबलं तरी काही नाही. गिऱ्हाईक म्हणतं, मेलं. तो म्हणतो, "मरा नहीं है, अटका है." चिपच्या सुरुवातीच्या भागात एक छोटी लिखावट बहुधा वेगळी राखलेली असते. तिचं काम एवढंच, की नवी लिखावट आत घेणं. ती शाबूत असेल तर ठरावीक बटण दाबून धरत कॉम्प्युटरला जोडल्यावर बोर्ड पुन्हा ओळखला जातो. तीच पुसली गेली असेल तर टेबलावरचा इलाज संपला.

एक दोष तर मला आपल्या खानदेशाचाच वाटला. काही बोर्ड कॉइलचं तापमान थेट मोजत नाहीत. निकेलची तार तापली की तिचा रोध वाढतो, दर अंशाला सुमारे ०.६ टक्के, त्यावरून चिप तापमान ओळखते. पण त्यासाठी थंड तारेचा रोध आधी माहीत हवा, आणि कित्येक लिखावटी थंड म्हणजे २० अंशांच्या आसपास धरून चालतात. जळगावात मे महिन्यात सावलीतसुद्धा ४४ असतात. तिथे 'थंड' म्हणून नोंदवलेली तार आधीच तापलेली असते. आम्ही दोघांनी कागदावर हिशेब केला, २०० अंशांवर थांबायला हवं ते यंत्र २५० च्या आसपास थांबेल. तार चांगली, टाके चांगले, बोर्ड चांगला. फक्त लिहिणाऱ्याने आपला उन्हाळा पाहिलेला नव्हता.

आता कायद्याचं. या कामाला गिऱ्हाईक घासाघीस न करता पाचशे रुपये देत होतं, मोबाइलच्या चार्जिंग जॅकला दीडशे देताना कुरकुरतं. त्याने विचारलं, "सर, कानून में रिपेरिंग लिखा है क्या?" कायदा इंग्रजीत. मी तो काढून त्याच्यासमोर वाचला. नावातच यादी आहे : उत्पादन, निर्मिती, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवणूक, जाहिरात. दुरुस्ती नाही. त्याचा चेहरा उजळला. मग मी व्याख्या वाचली. त्यात निकोटीन असो वा नसो, वाफ ओढण्यासाठी पदार्थ तापवणारं यंत्र येतं, म्हणजे 'आमच्यात निकोटीन नाही' हे गिऱ्हाइकाचं म्हणणं कामाचं नाही. विक्रीला पहिल्या गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, साठवणुकीला सहा महिने किंवा पन्नास हजार किंवा दोन्ही.

"खणात किती आहेत?" मी विचारलं. अकरा होती. "ज्यांचे मालक परत येत नाहीत, त्यांचं काय करतोस?" तो गप्प झाला. एखादं चालू करून कुणाला तरी दिलं जातंच. मग ती दुरुस्ती राहत नाही. आणि खण उघडायला कुणी आलं, तर ते कायद्याचं शीर्षक वाचत बसतील की दुकानाच्या पाटीवरचं नाव, हे त्याला मी सांगायची गरज नव्हती. त्याच्या अब्बांनी ते लहानपणीच सांगितलेलं आहे.

नववीतल्या मुलांच्या दप्तरात ही वस्तू सापडू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून बंदीबद्दल माझी तक्रार नाही. पण ती उघडून दोष शोधणाऱ्या हातांचा त्यात काही गुन्हा नाही. तीन आठवडे फोन करून करून त्याने ज्याची त्याला परत केली. महिन्याची कमाई घटली, ती अजून भरून निघालेली नाही.

ते हुनर आता इंडक्शनच्या शेगडीवर चालतं. तिथेही तापमान रोधावरूनच ओळखतात, फक्त उलट्या चालीने. काचेखालचा थर्मिस्टर तापला की त्याचा रोध कमी होतो. त्याची वायर तुटली की पडद्यावर एक अक्षर आणि एक आकडा येतो, प्रत्येक कंपनीचा वेगळा. अडचण येते ती रिमोटच्या पंख्यांत. बाजारात चिप मिळते, पण तिच्यातली लिखावट मिळत नाही. कोरी चिप लावून उपयोग काय? शेवटी अख्खा बोर्ड बदलावा लागतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, एवढ्यात नवा पंखा येईल.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, मग पोर्टलही काढलं. शेती अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं, वाहनं, असे चार विभाग. हेतू चांगला आहे. पण दुरुस्तीची माहिती इंग्रजीतच राहिली, तर पोर्टलचं दार धुळ्याच्या त्या गाळ्यात उघडत नाही.

म्हणून आम्ही एक वही केली आहे. डाव्या रकान्यात पडद्यावरचा कोड जसाच्या तसा, मधे कंपनीच्या पुस्तकातला अर्थ मी मराठीत आणि उर्दूत लिहून देतो, उजवीकडे बोर्ड उघडल्यावर खरोखर काय निघालं ते तो लिहितो. मधला आणि उजवा रकाना बरेचदा जुळत नाहीत. चाळीस पानं भरली आहेत. गोलाणी मार्केटमधल्या त्याच्या उस्तादांनी झेरॉक्स मागितली आहे, येत्या रविवारी नेऊन देणार आहे.