नाल्यावरचं म्हातारं

हँडल मारण्याआधी त्याची विचारपूस करावी लागते. टाकीत काडी बुडवून तेल बघायचं, पट्टी काढून खालचं ऑइल बघायचं, पंपात पाणी भरून हवा काढायची. मग डिकॉम्प्रेशनचा खटका वर करून हँडल धरायचं, तेही अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून. अंगठ्याचा वेढा पडला आणि इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट जातं. फ्लायव्हीलने वेग धरला की खटका पाडायचा. ते एकदा खोकतं, काळ्या धुराचा लोट सोडतं, थांबल्यासारखं करतं आणि मग आपला ठेका धरतं. घाटाखालच्या सपाट रानात तो ठेका दोन-तीन शिवारं ओलांडून जातो. कोणाचं सुरू झालं हे लोक आवाजावरूनच ओळखतात. सुरू झालं नाही तर धुऱ्यापलीकडून हाक येते, "काऊन गा भाऊ, रुसलं का आज?"

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग आहेत, आणि दोन्हीकडे बोली, पाणी, पीक यांत फरक पडतो. हे इंजिन मात्र दोन्हीकडचं. चिखली-मेहकरकडे पैनगंगेच्या काठाने आणि खाली मोताळा, नांदुरा, जळगाव जामोदच्या नाल्यांवर ते पत्र्याच्या खोपीत किंवा उघड्यावर पोतं पांघरून बसलेलं दिसतं. अंगाचा हिरवा रंग केव्हाच गेलेला. बिडाच्या अंगावर तेल आणि धूळ मिळून एक काळं कातडं चढलेलं. पितळेच्या पट्टीवर बोट घासलं तर अजून वाचता येतं : 5 एचपी, 1500 आरपीएम. किर्लोस्करांनी 1946 साली पुण्याला ऑइल इंजिनांची कंपनी काढली आणि पुढच्या काही दशकांत विहिरीवरची मोट मागे पडत गेली. मोटेवरची बैलजोडी सुटली आणि तिच्या जागी हे आलं. ज्या घरात आलं त्या घरात त्याची पूजा झाली, दसऱ्याला आपट्याचं पान त्याच्याही डोक्यावर ठेवलं गेलं.

मग विजेचे पंप आले आणि याचं महत्त्व उतरलं. पण संपलं नाही. आपल्याकडची बहुतेक शेती पावसावरची. हरभऱ्याला फुलोऱ्यात एक पाणी मिळालं तर पीक हाती लागतं, नाही मिळालं तर घाटे पोचट राहतात. नेमकी त्या आठवड्यात डीपी जळते, किंवा लाइन रात्रीची असते. शिवाय नाल्याच्या डोहात पाणी असतं, पण तिथवर खांब नसतो. तेव्हा घरातले चौघे जण बांबू आडवे घालून म्हाताऱ्याला बैलगाडीत चढवतात आणि नाल्यावर नेतात. कोणाच्याही परवानगीशिवाय आणि कोणाच्याही वेळापत्रकाशिवाय पाणी देणारं रानात आजही हेच एक आहे. मला त्याच्याविषयी जो आदर वाटतो तो त्यासाठी.

त्याच्या स्वभावातली मोठी गोष्ट म्हणजे खाण्याच्या बाबतीत त्याला भेदभाव नाही. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते. याला लागत नाही. सिलिंडरमधली हवा दट्ट्या वर येताना सोळा-सतरा पटींनी दाबतो, त्या दाबानेच ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि तिच्यात तेलाचा फवारा पडला की आपोआप पेटतो. म्हणजे अट एवढीच, की तेल बारीक फवारलं गेलं पाहिजे. ते जमिनीखालचं की झाडावरचं, हे सिलिंडर विचारत नाही. 1900 सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात याच जातीचं एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. तीळ, जवस, करडी, भुईमूग पिकवणाऱ्या वऱ्हाडाला ही गोष्ट परकी वाटायला नको. पण खायचं तेल इंजिनात घालणं मला पटत नाही. किमतीचा प्रश्न आहेच, पण ज्या घरात फोडणीचं तेल मोजून वापरतात तिथे ते जाळायचं कसं?

त्याला योग्य असं तेल नाल्याच्या काठावरच उभं आहे. करंज. इंजिन ज्या सावलीत ठेवतात ती बहुधा त्याचीच असते. उन्हाळ्यात सगळं रान करपलेलं असताना याची पालवी चकाकत असते. गुरं त्याचा पाला सहसा खात नाहीत, माणसं त्याचं तेल खात नाहीत. पूर्वी ते दिव्याला आणि खरजेला वापरत. शेंगा फेब्रुवारीपासून मेपर्यंत पिकतात. बियांत वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढं तेल असतं, घाण्यातून हाती येतं ते चौथ्या हिश्शाएवढं. मागे उरलेली ढेप कडू, जनावरांना चालत नाही, पण शेतात टाकली तर खत होतं आणि किडीलाही अटकाव होतो.

हे तेल तसंच टाकीत ओतलं तर इंजिन चालतं. इथेच माणूस फसतो, कारण ते पहिल्या दिवशी मुळीच तक्रार करत नाही. करंजाचं तेल डिझेलपेक्षा दसपट किंवा त्याहून घट्ट. नोझलमधून फवारा उडण्याऐवजी पिचकारीसारखी धार पडते. ती पुरती जळत नाही. नोझलच्या तोंडाशी काजळी धरते, रिंगा चिकटतात, न जळलेलं तेल खाली उतरून चेंबरमधल्या ऑइलची खळ करतं. काही आठवड्यांनी मिस्त्री हेड उघडतो आणि आत कोळसा सापडतो. म्हाताऱ्याचा सोशिकपणा हा त्याचा गुणही आहे आणि वैरीही.

म्हणून तेल पातळ करावं लागतं, आणि पातळ केलेल्या त्या तेलालाच बायोडिझेल म्हणतात. रीत सांगायला सोपी आहे. तेल गाळायचं, तापवून त्यातलं पाणी घालवायचं. लिटरभर तेलाला सुमारे 200 मिलिलिटर मेथॅनॉल, त्यात तेलाच्या आंबटपणाप्रमाणे मोजून काही ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवायचा, आणि 55 ते 60 अंशांवर तासभर ढवळत ठेवायचं. रात्रभर स्थिर ठेवलं की दोन थर पडतात : खाली दाट, तपकिरी ग्लिसरीन, वर मधाच्या रंगाचं पातळ तेल. ग्लिसरीन काढून टाकायचं, वरचं तेल कोमट पाण्याने पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवायचं आणि वाळवायचं. पारख करायची तर बाटलीत थोडं तेल आणि तेवढंच पाणी घालून हलवावं. थोड्या वेळात दोन्ही सरळ वेगळे झाले तर काम जमलं. मधे पांढरा फेसाळ थर राहिला तर साबण उरलाय, ते इंजिनात घालू नये.

करंजाची अडचण अशी, की बी जुनी झाली, ओल लागली, की तेलातलं आम्ल वाढतं. मग सोडा टाकला की बायोडिझेलऐवजी पातेलंभर साबण होतो. अशा तेलाला आधी गंधकाम्ल आणि मेथॅनॉल घालून एक वेगळी फेरी द्यावी लागते. इथे मी घरच्या माणसाला थांबवीन. मेथॅनॉल म्हणजे विषारी दारूत माणसं मारणारा तोच पदार्थ. थोडा पोटात गेला तरी डोळे जातात, वाफही बाधते, त्याची ज्योत दिवसा दिसत नाही आणि तो 65 अंशांच्या आतच उकळतो. आपल्या राज्यात तो विषांच्या नियमांखाली येतो, बाळगायला परवाना लागतो. स्वयंपाकघरात, चुलीवर, लेकरांच्या वावरात हे काम करायचं नाही म्हणजे नाही. गावात घाणा असेल, गट असेल, कॉलेजातले रसायनाचे मास्तर सोबत असतील, उघडी हवेशीर शेड असेल, तरच.

असं गटाने केलेलं काम आपल्या शेजारीच झालंय. तेव्हाच्या आंध्रातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, म्हणजे मराठी कानावर पडणाऱ्या मुलखात, पॉवरगुडा नावाचं गोंडांचं छोटं गाव आहे. तिथल्या बचत गटाच्या बायांनी 2002 साली साडेचार हजार करंजं लावली, घाणा चालवला. पुढच्या दहा वर्षांत हे तेल डिझेलऐवजी वापरून जो धूर टळणार होता, तो 147 टन कार्बन डायऑक्साइडचा हिशेब जागतिक बँकेने 2003 साली त्यांच्याकडून 645 डॉलरना विकत घेतला. रक्कम लहान होती. पण झाडाच्या सावलीत बसून शेंगा फोडणाऱ्या बाईच्या कामाची दखल हिशेबाच्या वहीत घेतली गेली, ही गोष्ट लहान नव्हती.

याच सुमारास सरकारने मोठं स्वप्न पाहिलं होतं. 2003 मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने देशभर मोगली एरंड लावायचा आराखडा दिला; 2009 च्या धोरणात 2017 पर्यंत डिझेलमध्ये 20 टक्के मिश्रणाचं लक्ष्य आलं. पडीक जमिनीत, पाण्याशिवाय, राखणीशिवाय तेल पिकेल असं सांगितलं गेलं. मोगली एरंड जगला खरा, पण जगणं वेगळं आणि बियांनी लदणं वेगळं. पाणी नाही तर बी नाही, बी नाही तर भाव नाही. 2018 च्या धोरणाने बायोडिझेलचं लक्ष्य 2030 पर्यंत 5 टक्क्यांवर आणलं आणि त्यात वापरलेल्या खाद्यतेलाला मानाचं स्थान दिलं. ते मला योग्य वाटतं. 1 जुलै 2018 पासून तळणाच्या तेलातले ध्रुवीय घटक 25 टक्क्यांवर गेले की ते तेल पुन्हा वापरायला बंदी आहे. शेगावच्या स्टेशनपासून मंदिरापर्यंत ज्या कढयांतून रोज कचोरी निघते, त्यांच्या तळाशी उरणारं तेल नालीत किंवा स्वस्तात विकत घेणाऱ्याच्या पुढच्या कढईत जाण्यापेक्षा इंजिनात गेलेलं शतपटीने बरं. ते मिळवायला झाड वाढवावं लागत नाही, बी वेचावं लागत नाही.

पण म्हाताऱ्याची खरी उपासमार आणि खरी उधळपट्टी, दोन्ही दुसरीकडेच आहेत. पाच एचपीचं इंजिन पूर्ण भारावर तासाला एक ते सव्वा लिटर डिझेल पितं. एका एकराला पाणी द्यायला दहा तास लागले असं धरू, म्हणजे बारा लिटर. तेवढं बायोडिझेल करंजापासून करायचं तर जवळपास अर्धा क्विंटल बी लागेल. झाडं चांगली असतील तर दोन-तीन, नाहीतर पाच-सहा झाडांची वर्षाची कमाई, वर अडीच लिटर मेथॅनॉल. आता त्याच इंजिनाशी उकिडवं बसून नीट बघा. थंड करायला पंपाच्या पाण्याची एक बारीक नळी त्याच्या अंगातून फिरवलेली असते. बाहेर पडणाऱ्या त्या धारेखाली हात धरा. बहुतेक ठिकाणी पाणी जवळजवळ विहिरीइतकंच गार लागतं, आणि मालकाला त्याचं समाधान वाटतं, की इंजिन तापत नाही. ते तापलंच पाहिजे. धार हाताला चटका देईल इतकी, 60-70 अंशांची, असावी. गार इंजिनात तेल पुरतं जळत नाही, सिलिंडर झिजतो, डिझेल फुकट जातं. उपाय म्हणजे नळीवरचा कॉक थोडा आवळायचा. त्याला पैसे लागत नाहीत.

बाकीचंही असंच. अडीच इंची पाइपच्या जागी तीन इंची टाकला तर तेवढंच पाणी नेताना पाइपातलं घर्षण निम्म्याहून खाली येतं. फूटव्हॉल्व्हच्या जाळीत शेवाळ आणि पाला अडकला की इंजिन पाणी ओढत नाही, स्वतःलाच ओढतं. डिलिव्हरी पाइपचं तोंड पाटापेक्षा चार हात उंच ठेवून धबधबा पाडतात. दिसायला छान, पण त्या चार हातांचं डिझेल दर तासाला जातं. पट्टा ढिला असेल तर तो घसरतो आणि तापतो. टाकीखालच्या नटातून सेकंदाला एक थेंब गळत असेल तर दिवसाला चार लिटर होतात. 1978 साली स्थापन झालेली पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था, म्हणजे पीसीआरए, फूटव्हॉल्व्ह आणि पाइप बदलायला शेतकऱ्यांना वर्षानुवर्षं सांगत आली. ही दुरुस्ती बारा लिटरमधले तीन लिटर वाचवत असेल, तर बारा किलो करंज वेचण्याचे कष्ट वाचले. म्हणून माझं सांगणं क्रमाचं आहे : आधी कॉक, जाळी, पाइप, पट्टा, करंज त्यानंतर.

डिझेल वाचवण्याच्या खोट्या कल्पनाही आपल्याकडे घट्ट बसल्यात. राजूर घाट उतरताना गाडी न्यूट्रल करणारे अजून भेटतात. गिअरमध्ये पाय सोडला की हल्लीच्या डिझेल गाडीचं इंजिन तेल घेणंच थांबवतं. न्यूट्रलमध्ये मात्र ते स्वतःला चालू ठेवायला पीत राहतं, आणि वर ब्रेक तापतात ते वेगळं. याच गाड्यांत घरचं बायोडिझेल घालायचा मोहही टाळावा. त्यांच्या नोझलची भोकं आणि पंपाचा दाब इतका नाजूक हिशेबाचा आहे, की थोडा साबण, थोडं पाणी राहिलं तरी दुरुस्तीत बैलजोडीचे पैसे जातात. म्हाताऱ्याचं तसं नाही. त्याचं नोझल मिस्त्री झाडाखाली बसून खोलतो, घासलेटमध्ये धुतो, हाताच्या पंपावर फवारा तपासतो आणि अर्ध्या तासात परत बसवतो.

त्याला बायोडिझेल पाजायचं तर त्याचे दोन-तीन नियम पाळावे. सुरुवात आणि शेवट साध्या डिझेलवर करावा, म्हणजे थंड नोझलमध्ये जड तेल राहत नाही. पहिल्या टाकीनंतर फिल्टर बदलावा, कारण हे तेल टाकीच्या तळाला वर्षानुवर्षं बसलेला गाळ सोडवून आणतं. रबरी नळ्या फुगतात, त्यांवर लक्ष ठेवावं. ताकद किंचित कमी लागेल, लिटरमागे आठ-दहा टक्के. धूर मात्र कमी होईल आणि त्याला तळणाचा वास येईल.

आता शेतात सौर पंप उभे राहतायत. दिवसा, बिनखर्चाचं पाणी देतात, आणि ते यावेत असंच मला वाटतं. म्हाताऱ्यांपैकी बरीच भंगारात किलोच्या भावाने गेली, काही रसवंतीच्या चरकाला जोडली गेली, काही मळणीच्या वेळी अजून बोलावली जातात. ज्यांच्याकडे ते अजून आहे त्यांनी हरभरा निघाला की टाकी पूर्ण रिकामी करावी, कारण बायोडिझेल पाणी धरतं आणि पावसाळाभर टाकीत राहिलं तर गंज आणि चिकटा करतं. नंतर लिटरभर साध्या डिझेलवर पंधरा मिनिटं चालवून बंद करावं, पाण्याच्या जॅकेटचा नळ खाली सोडावा, आणि फ्लायव्हील हाताने फिरवून कॉम्प्रेशनवर आणून ठेवावं. मग दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले राहतात आणि पावसाळी दमट हवा सिलिंडरमध्ये शिरत नाही. धुराच्या नळकांड्यावर डबा उपडा घालायचा, नाहीतर चिमण्या घरटं करतात.