तीट पुसू नका

घरोघरी जाऊन तान्ह्या बाळांचे फोटो काढते म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, "बाळ रडलं तर?" रडतंच की! रडून झालं की दूध पितं, दूध पिऊन झालं की झोपतं आणि मग माझं काम सुरू होतं. मी बाळाला भीत नाही, आजीला भिते.

त्याला कारण आहे. धंद्याच्या पहिल्याच वर्षी भोपाळच्या अरेरा कॉलनीत एका मराठी घरी बारशाचे फोटो काढले. नवजात बाळाची कातडी सुटत असते, अंगावर पुरळ असतं. ते झाकावं म्हणून सगळ्या फोटोंवर त्वचा नितळ करणारं सॉफ्टवेअर फिरवलं आणि मोठ्या दिमाखात अल्बम नेऊन दिला. आजींनी चष्मा लावला, चार पानं उलटली आणि माझ्याकडे पाहिलं. "अगं बाई, तीट कुठे गेली?" सॉफ्टवेअरने डाग समजून गालावरची तीट प्रत्येक फोटोतून पुसून टाकली होती. अल्बम पुन्हा केला, पदरचे पैसे घालून. फोटोतून काय पुसायचं आणि काय राहू द्यायचं, हे मी तेव्हापासून शिकते आहे.

१ नोव्हेंबर १९५६ला नवं मध्य प्रदेश राज्य झालं, राजधानी भोपाळला आली आणि नागपूरच्या सचिवालयातली कितीतरी मराठी कुटुंबं फायलींच्या मागोमाग इथे आली. पुढे भेलच्या कारखान्याने आणखी आणली. त्यांच्या नातवंडा-पतवंडांचे फोटो मी काढते. जुन्या सरकारी क्वार्टरांत खोल्या लहान, पण खिडक्या भल्या. मला तेवढं पुरतं. गेल्या गेल्या आधी ट्यूबलाइट बंद करायला लावते, कारण दिव्याचा आणि दिवसाचा उजेड रंगाने वेगळा असतो आणि दोन्ही एकाच गालावर पडले की बाळ आजारी दिसतं. मग बाळाला डोकं खिडकीकडे येईल असं निजवायचं. उजेड कपाळावरून हनुवटीकडे उतरायला हवा. पायांकडून वर चढला, तर नाकपुड्या उजळतात आणि गोजिरवाणं पोर भुतासारखं दिसतं. रांगणाऱ्या मुलासाठी मी स्वतः फरशीवर पालथी पडते. शटर सेकंदाच्या अडीचशेव्या भागाच्या खाली नेत नाही, नाहीतर हात धुरकट होतात.

बोरन्हाण हा परीक्षेचा दिवस. काळं झबलं, त्यावर पांढरेशुभ्र हलव्याचे दागिने. कॅमेऱ्याच्या मीटरला सगळं जग मधल्या करड्या रंगाचं वाटतं. त्याच्यावर विसंबलात, तर झबलं राखेच्या रंगाचं होतं आणि हलव्याचे काटे उजेडात विरून जातात. म्हणून मीटर सांगेल त्यापेक्षा एक स्टॉप कमी. बोरं, चुरमुरे, उसाचे करवे डोक्यावर ओतले की पहिला क्षणभर मूल नुसतं थिजतं. रडावं की हसावं हे ठरलेलं नसतं. तो चेहरा मिळाला तर मिळाला. पुढच्या क्षणाला गल्लीतली पोरं बोरांवर तुटून पडलेली असतात.

सगळ्यात जास्त पुसले जातात ते हात. आठ-दहा दिवसांचं बाळ दोन्ही तळव्यांवर हनुवटी टेकवून झोपलंय, असा फोटो तुम्हीही पाहिला असेल. खरं बाळ असं बसत नाही. त्याची मान धरत नाही. नीट काम करणारे फोटोग्राफर असे दोन फोटो काढतात. एकात कुणीतरी डोकं धरलेलं असतं, दुसऱ्यात मनगटं. मग दोन्ही जोडून बोटं पुसतात. ते पाहून बाळाला घरी तसं बसवायला जाऊ नका, मान वाकली तर श्वास अडकू शकतो. लपवाछपवी नवी नाही. एकोणिसाव्या शतकात एका फोटोला कित्येक सेकंद लागायचे. पोर हलू नये म्हणून आई त्याला मांडीवर धरून बसायची आणि तिच्यावर अख्खी चादर टाकायचे. त्या फोटोंत आजही बाळ दिसतं आणि त्याच्यामागे कापडाचा एक ढिगारा.

भोपाळमध्ये लहान मुलांचे फोटो काढणाऱ्याच्या मनातून एक फोटो जात नाही. डिसेंबर १९८४, वायुगळतीनंतरचा दफनाचा क्षण. रघु राय यांनी तो कृष्णधवल टिपला, पाब्लो बार्थोलोम्यू यांनी रंगीत, आणि रंगीत छायाचित्राला त्या वर्षीचा 'वर्ल्ड प्रेस फोटो'चा सर्वोच्च मान मिळाला. मातीतून वर आलेला एक चिमुकला चेहरा, डोळे उघडे. नाव कुणालाच ठाऊक नाही. रघु राय यांच्या चौकटीत त्या चेहऱ्यावर एक मोठा हात आहे. तो नसता, तर मला वाटतं, त्या फोटोकडे बघवलंच नसतं. आज "ताई, माझा हात येतोय फोटोत, काढून टाका," असं एखादी आई म्हणते, तेव्हा मी नुसती मान हलवते आणि हात राहू देते.

आणखी एक गोष्ट पुसू नका. फ्लॅशच्या फोटोत बाहुली लाल दिसते, ते डोळ्याच्या आतल्या पडद्यावरून परतलेल्या उजेडामुळे. त्यात काळजीचं काही नाही. पण एकाच डोळ्याची बाहुली पुन्हा पुन्हा पांढरी चमकत असेल, तर दुरुस्तीचं बटण दाबायच्या आधी बाळाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. कधी तो नुसता कोनाचा खेळ असतो, पण कधी मोतीबिंदू, तर क्वचित डोळ्यातली गाठ निघते, आणि तिथे लवकर कळण्याला फार किंमत आहे.

गेल्या महिन्यात त्याच अरेरा कॉलनीतल्या घरी धाकटीचं बारसं झालं. आजी आता नाहीत. तीट आईने लावली, घाईघाईत, जरा फरपटलेली. रात्री फोटो पडद्यावर मोठा करून पाहिला, तर काजळात बोटाच्या रेषा उमटल्या होत्या.